चिकूच्या गाण्यातला सलाम

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. रेबोलो वस्तीच्या कोपऱ्यावर मी सकाळभर आरेपा तळते. मक्याच्या पिठाची पुरी फुगली की तिला चीर पाडायची, आत अंडं फोडून घालायचं आणि पुन्हा तेलात सोडायची. कोणी म्हणालं की आज अंडं लहान दिसतंय, तर मी त्याला कोंबडीकडे तक्रार करायला सांगते. आमच्या बारांकिया शहरात गोड बोलून धंदा होत नाही. गोड बोललं की लोक उधारी मागतात.

तर एका सकाळी मी तेलात आरेपा सोडत होते आणि समोरून बस गेली. बस गाणं वाजवत गेली, त्यात नवल नाही. इथे एखादी बस गाण्यावाचून गेली तर लोक विचारतात, ड्रायव्हरच्या घरी कोणी वारलं का. पण त्या गाण्यात एक पोरगा नाकातून गात होता, खाली ढोल धडधडत होते, आणि शब्द होते: "चिकू, चिकू, पिकू नको, ती आल्यावाचून पिकू नको." माझ्या हातातला झारा तसाच राहिला. आरेपा करपून कोळसा झाली.

ते गाणं माझं होतं. माझं म्हणजे आवडीचं नव्हे. मी रचलेलं.

मी तेव्हा विशीतली असेन. आई माराकाइबोला गेली होती, दुसऱ्यांच्या घरी भांडीधुणी करायला. त्या काळी सीमेपलीकडे पैसा होता, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तिकडेच होत्या. मागे आम्ही पाच भावंडं, मी थोरली. अंगणात चिकूचं झाड होतं, त्याखाली दगडी कुंड, आणि मी सकाळपासून कोपरापर्यंत साबणात. जाताना आई म्हणाली होती, चिकू पिकले की येते. चिकू धरले, मोठे झाले, आणि आईचा पत्ता नाही. धाकटी रोज झाडाखाली जाऊन चिकू दाबून बघायची. तेव्हा मी झाडालाच सांगायला लागले, बाबा रे, पिकू नकोस. तू पिकलास की आई खोटी ठरेल. कपडे आपटायच्या ठेक्यावर त्याचं गाणं झालं. आई आली पुढे, आणखी एक बहर उलटल्यावर, एक टेबलफॅन आणि एक सोन्याचा दात घेऊन.

संध्याकाळी माझी मुलगी युरानिस घरी आली. ती मोबाइलच्या दुकानात काम करते. तिने फोनवर गाणं काढून दाखवलं. गाणारा येइनेर म्हणून एक पोरगा, आमच्याच शहराच्या दक्षिण भागातला, आता मियामीपासून माद्रिदपर्यंत नाचवतोय लोकांना. आणि खाली, गीत-संगीत या शब्दांपुढे, नाव होतं उबाल्दो आर्सुआगा. उबाल्दो हा ब्रिसामार रेकॉर्ड कंपनीचा मालक. मरून त्याला कितीतरी वर्षं झाली होती. मेल्यावरसुद्धा माणसाला चोरी करता येते, हे मला तेव्हा कळलं.

युरानिसने मला समजावलं. फोनवर कोणी एकदा गाणं ऐकलं की एक दाणा पडतो. दाणा अगदीच बारीक, पण कोट्यवधी लोक ऐकतात, पोतं भरतं, आणि ते पोतं त्या नावाच्या घरी जातं. म्हणजे उबाल्दोच्या मुलाच्या घरी. पैशाचं राहू दे, असं मी म्हणणार नाही. पैसा कोणाला नको असतो? पण मला झोंबलं ते नाव. उबाल्दोची आई गेली होती का माराकाइबोला? उबाल्दोच्या धाकट्या बहिणीने दाबले होते का चिकू?

"आई, गाणं तुझं आहे हे कोणाला माहीत आहे?" युरानिसने विचारलं.

"मला."

"आणखी?"

आणखी एकाला माहीत होतं, पण त्याचं नाव मी घरात घेत नव्हते. नाफेर कान्तियो. भिंतीपलीकडे राहायचा. नदीकाठच्या बाजारात हमाली करायचा, कसाव्याच्या कंदांची पोती उचलायचा, आणि शनिवारी उसनं अकॉर्डियन घेऊन गायचा. आवाज असा, की लोक भाजी घ्यायची विसरायचे. त्याने भिंतीवरून माझं गाणं ऐकलं आणि एक दिवस विचारलं, हे मी गाऊ का. मी म्हटलं, गा की, हवेवर काय माझा कर बसलाय? तेव्हा गाण्याला मालक असतो हे आम्हाला ठाऊक होतं कुठे! उबाल्दोने नाफेरचा आवाज ऐकला आणि रेकॉर्ड काढली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गाणं रंगात आलं की गाणारा मधेच थांबून कोणाचं तरी नाव घेऊन ओरडतो. त्याला सलाम म्हणतात. हा सलाम अमक्या डॉक्टरांना, हा सलाम तमक्या बागाईतदारांना. रेकॉर्डवर एकदा नाव गेलं की तो माणूस वर्षभर छाती काढून फिरतो. लोक सलामासाठी बकरा द्यायचे, दारू द्यायचे, नगरसेवक तर नोकऱ्या द्यायचे. बायकांना सलाम मिळायचा तो असा: डोळ्यांत तारे असलेल्या अमुकला, मॅग्दालेना नदीच्या काठच्या फुलाला.

नाफेर मला म्हणाला होता, कार्निव्हलच्या रविवारी रस्त्यावर रेकॉर्ड वाजणार आहे, ये, त्यात तुझ्यासाठी काहीतरी आहे. मी पिवळा झगा शिवला. खळ घालून इस्त्री केली. काय आशा होती ते विचारू नका, सांगणार नाही. गाणं सुरू झालं, माझंच गाणं, सगळी गल्ली नाचायला लागली, आणि मधेच नाफेरचा आवाज गरजला: "आणि हा सलाम कोपरापर्यंत साबणात बुडालेल्या एदिल्मा पेर्तुसला!"

गल्ली खो-खो हसली. कोणीतरी ओरडलं, साबणी! मी त्या पिवळ्या झग्यात तिथेच मेले आणि वळून घरी चालायला लागले. त्या दिवसापासून मी साबणी झाले. शाळेतली पोरं साबणी म्हणायची, चर्चचा पाद्री एकदा चुकून म्हणाला. रेडिओवर ते गाणं लागलं की मी रेडिओ बंद करायची. नाफेरकडची खिडकी मी खिळे मारून बंद केली. माझं लग्न झालं, युरानिस झाली, नवरा वारला, नाफेर दोन गल्ल्या सोडून राहायला गेला, तरी मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. रस्त्यात दिसला की तो टोपी काढायचा आणि मी थुंकायची. मी अशीच आहे.

म्हणून युरानिसने विचारलं तेव्हा मी गप्प बसले. सलामाचं तर अक्षर काढलं नाही. स्वतःच्या बेअब्रूचा दाखला कोण देतं?

युरानिस माझीच मुलगी, हट्टी. तिने एक वकील गाठला, तिच्या मैत्रिणीचा भाऊ, चेहऱ्यावर अजून मुरुमं असलेला. त्याने अर्ज घातला. गाणं रचणाऱ्याची जी रॉयल्टी असते ती तंटा मिटेपर्यंत अडकून राहिली. आणि मग एका सकाळी माझ्या टपरीपुढे गाडी थांबली. उबाल्दोचा मुलगा फाब्रिसिओ उतरला. गुळगुळीत दाढी, पांढरे बूट. त्याने आरेपा घेतली, पूर्ण खाल्ली, छान आहे म्हणाला, आणि मग सांगितलं की त्याला माझ्याबद्दल आदर आहे आणि मी एका कागदावर सही केली तर तो मला नवा फ्रिज आणि बरीचशी रक्कम देईल. कागदावर काय, तर गाणं त्याच्या वडिलांचं आहे.

मी त्याला म्हटलं, फ्रिजमध्ये तुमच्या वडिलांची लाज ठेवा, टिकेल. आरेपाचे पैसे मात्र मी मोजून घेतले.

वकिलाने सांगितलं की आता समेटाची बैठक होईल. तिथे आपल्याला काहीच दाखवता आलं नाही तर दावा निकालात निघेल आणि गाणं कायमचं आर्सुआगांचं होईल. माझी नातवंडं झाली तर त्यांनाही ते गाणं उबाल्दोचं म्हणूनच ऐकावं लागेल. त्या रात्री आईची आठवण आली. तिला मी कधी सांगितलंच नव्हतं की हे गाणं तिचं आहे.

बैठकीच्या खोलीत इतका गारठा होता की माझे दात वाजायला लागले. टेबलाच्या पलीकडे फाब्रिसिओ आणि त्याचा वकील. मधे समेट घडवणारी बाई, चष्मा नाकावर. तिने मला नीट विचारलं, खोटं कशाला बोलू. मी झाडाचं सांगितलं, आईचं सांगितलं. तिने विचारलं, झाड आहे का? म्हटलं, तोडलं. आई? वारली. गाणारा? युरानिस म्हणाली, आहे, जिवंत आहे. मी म्हटलं, माझ्यासाठी मेला. फाब्रिसिओच्या वकिलाने लगेच धागा उचलला. नाफेर कान्तियोला उबाल्दोंनी कंपनीतून काढून टाकलं होतं, तो खार खाऊन होता, त्याच्या शब्दाला काय किंमत. आयत्या बिळावर नागोबा झालेला तो फाब्रिसिओ खाली मान घालून बसला होता आणि माझ्या पायाखालची जमीन सरकत होती.

तेवढ्यात दार उघडलं आणि येइनेर आला. त्याच्या गाण्याच्या कंपनीने वकील पाठवला होता, त्याला स्वतः यायची गरज नव्हती. अर्धी चड्डी, काळा चष्मा, गळ्यात साखळ्या. मी डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, या साहेब, दुसऱ्याच्या आईवर गाणं म्हणून साखळ्या घडवल्यात, बसा. त्याने चष्मा काढला. चेहरा अगदीच कोवळा निघाला. खुर्ची ओढत त्याने समोरच्या फाइलीवरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत नाव वाचलं.

"मावशी," तो म्हणाला, "कोपरापर्यंत साबणातल्या एदिल्मा पेर्तुस तुम्हीच?"

मी हात उगारला. युरानिसने तो वरच्या वर धरला म्हणून बरं, नाहीतर पोरगं मुकलं असतं दोन दातांना.

पण तो हसत नव्हता. तो उठून उभा राहिला, चर्चमध्ये राहावं तसा, आणि त्याने तो सलाम म्हटला. नाफेर म्हणाला होता तसाच, त्याच चालीत. "आणि हा सलाम कोपरापर्यंत साबणात बुडालेल्या एदिल्मा पेर्तुसला! गाणं तिचं आहे, मी नुसता हमाल!"

"पुढचं काय म्हणालास?" मी विचारलं.

"गाणं तिचं आहे, मी नुसता हमाल."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. म्हटलं, असं काही नाही त्यात. फाब्रिसिओही म्हणाला की असं काही नाही. आम्ही दोघं एकाच बाजूला, पहिल्यांदा. त्याने फोनवर कंपनीने चढवलेलं जुनं गाणं लावलं. खरंच, सलामच नव्हता. अकॉर्डियन वाजत होतं, नाफेर गात होता, मधे काही नाही. फाब्रिसिओ म्हणाला, फोनवर चढवताना जुन्या गाण्यांतला सगळा आरडाओरडा आम्ही काढून टाकला, आता लोकांना ते आवडत नाही. हा मुद्दाम काढला असेल का? देवालाच ठाऊक.

येइनेर म्हणाला, "आमच्या घरी आहे. पूर्ण आहे. मी ते ऐकतच मोठा झालोय. मला वाटायचं, मावशी म्हणजे रेकॉर्डमधलंच एक नाव, खरं माणूस नसेल." त्याच्या कंपनीचा वकील त्याच्या बाहीला ओढत होता. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं: तंटा चिघळला तर सगळ्यांचंच अडेल, तुझं गाणं बंद होईल, गप्प बस. पोराने बाही सोडवून घेतली आणि समेटवाल्या बाईला रविवारी दुपारी आपल्या वडिलांच्या घरी यायचं आमंत्रण दिलं. सगळ्यांना दिलं.

त्याचे वडील तोबियास पिकोवाले. पिको म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीचे भोंगे, रंगवलेले, ज्यांच्यापुढे आमची गरीब गल्ली पिढ्यान् पिढ्या नाचत आलीय. त्यांच्या पिकोचं नाव काणा ससाणा. भोंग्यावर ससाणा रंगवलेला, एका डोळ्यावर पट्टी. अंगणात रखरखीत ऊन होतं, शेजारच्या छतांवर माणसं चढून बसली होती. फाब्रिसिओ रुमालाने मान पुसत होता. तोबियासनी कपाटातून रेकॉर्ड काढली, पोटाशी धरून आणली.

रेकॉर्डच्या मधल्या चकतीवर काही नव्हतं. नाव खरवडून काढलेलं. फाब्रिसिओच्या वकिलाने लगेच बोट ठेवलं: ही तीच रेकॉर्ड कशावरून? तोबियास म्हणाले, अहो, पिकोवाला चकती खरवडतोच, नाहीतर शेजारचा पिकोवाला नाव वाचून तीच रेकॉर्ड घेऊन येईल, मग आमच्याकडे कोण नाचणार? वकिलाने खांदे उडवले. नाव नाही म्हणजे पुरावा नाही. इतक्या लांब येऊन पुन्हा तेच, नाव नाही.

"लावा तर खरं," समेटवाली बाई म्हणाली.

तोबियासनी सुई टेकवली. आधी खरखर, आणि मग, गाण्याच्याही आधी, एका माणसाने घसा खाकरला आणि म्हटलं: एक, दोन, चला पोरांनो.

फाब्रिसिओ खुर्चीतून उठला.

गाणं सुरू झालं. भोंग्यातून ते असं आलं की छातीच्या हाडाला कळावं. मग सलाम आला. साबण आला, आणि माझे हात आपोआप कानांकडे जायला लागले, इतक्या वर्षांची सवय. पण मी हात खाली ठेवले. लगेच अकॉर्डियन उसळलं, आणि त्यामागून, जरासा दबलेला पण स्वच्छ, नाफेरचा तरणा आवाज: गाणं तिचं आहे, मी नुसता हमाल. साबणीला चिडवायला लोकांना अर्धा सलाम पुरला होता. आणि मी? मी तर अर्ध्यावरच पाठ फिरवली होती.

गाणं संपलं. वकील काही बोलणार तोच फाब्रिसिओने त्याला थांबवलं.

"तो बाबांचा आवाज आहे," तो म्हणाला. "एक, दोन, चला पोरांनो. घरी जेवायला बसवतानासुद्धा ते असंच म्हणायचे." मग त्याने तोबियासना विचारलं, "फक्त सुरुवात परत लावता का?"

तोबियासनी लावली. दोनदा लावली. तो काढून टाकलेला आरडाओरडा फाब्रिसिओ उन्हात उभा राहून ऐकत होता आणि त्याच्या पांढऱ्या बुटांवर धूळ बसत होती. मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच वाईट वाटलं. शेवटी तो समेटवाल्या बाईला म्हणाला, वडिलांनीच ही रेकॉर्ड काढली, त्यांच्यासमोर हे म्हटलं गेलं, त्यांनी कापलं नाही, आता मी काय बोलू. पुढच्या आठवड्यात त्याने सही केली. रेकॉर्ड त्याची राहिली, गाणं माझं झालं. आमचा वकील म्हणाला, भांडं त्यांचं, दूध तुमचं. त्या मुरुमवाल्या पोराला मी आयुष्यभर आरेपा फुकट देणार आहे, आणि हे मी शुद्धीत बोलतेय. फाब्रिसिओलाही एक दिली. सहीला त्याला नाही म्हणता आलं असतं, पण तो तसं म्हणाला नाही. त्याबद्दल त्याचे उपकार मानायलाच हवेत.

पण खरं काम राहिलंच होतं. दोन अंड्यांची आरेपा तळली, केळीच्या पानात बांधली आणि दोन गल्ल्या ओलांडून गेले.

नाफेर दाराशी झुलत्या खुर्चीत होता. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचा आवाज गेला होता, हे मला ऐकून माहीत होतं. नुसती कुजबुज उरली होती. त्याने मला बघितलं आणि सवयीने टोपी काढली.

मी म्हटलं, "तू मला सांगितलं का नाहीस मेल्या?"

"रेकॉर्डवर सांगितलं," तो कुजबुजला. "याहून मोठ्याने कसं सांगू?"

त्याला वाटत होतं की मी सगळा सलाम ऐकला होता. कव्हरवर उबाल्दोचं नाव गेलं, ते त्याला अडवता आलं नाही, म्हणून मी रागावले असं तो धरून चालला होता. इतकी वर्षं तो गुन्हेगारासारखा टोपी काढत होता, आणि मी त्याला वेगळ्याच गुन्ह्यासाठी शिक्षा देत होते. मी त्याला शिव्या घातल्या. भिंत होती ना, म्हटलं, भिंतीवरून ओरडायचं. तो म्हणाला, तू खिडकीला खिळे ठोकत होतीस, मला ठोका ऐकू येत होता. मला हसू आलं आणि मग रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही, त्याच्या दारात बसून भोकाड पसरलं.

मग त्याने सगळं सांगितलं, एकेक शब्द दम खात. उबाल्दो म्हणाला होता, कव्हरवर माझं नाव, नाहीतर रेकॉर्ड नाही. लिहायची जागा उबाल्दोची होती. नाफेरच्या हातात एकच गोष्ट होती, ओरडायची जागा, आणि तीही एकदाच. त्या सलामात आपलं नाव यावं म्हणून एक डॉक्टर नवंकोरं अकॉर्डियन घेऊन दारात आला होता.

"आणि तुझ्याकडे तेव्हा उसनं होतं," मी म्हटलं.

"उसनंच राहिलं," तो म्हणाला. "छान वाजायचं पण."

मी, एदिल्मा पेर्तुस, जिच्या तोंडाला गल्ली घाबरते, त्याचा हात धरून बसले. आरेपा गार झाली, तरी त्याने सगळी खाल्ली.

पुढे येइनेरने चिकूचं गाणं पुन्हा नव्याने करायचं ठरवलं, आणि या वेळी त्यात सलाम ठेवला. सलाम कोणी म्हणायचा, तर मावशींनी. झालं! साऱ्या रेबोलोला बातमी लागली. खाटीक बरगड्या घेऊन आला. नगरसेवकाने आमची गल्ली डांबरी करून देतो म्हणून सांगितलं. पाद्री नुसताच हसत उभा राहिला. युरानिस म्हणाली, आई, मी पोटची आहे. मी सगळ्यांना हो म्हटलं. बरगड्या ठेवून घेतल्या.

स्टुडिओतल्या काचेपलीकडून येइनेरने बोटाने खूण केली. मी एका दमात म्हटलं, जे म्हणायचं होतं ते. मग त्याला दम दिला की यातलं एक अक्षर कापलंस तर मियामीला येऊन कान उपटीन. तो म्हणाला, मावशी, माझी काय बिशाद.

आता नाफेर सकाळी माझ्या टपरीशी येऊन बसतो. कामाचा काही नाही, पुरीला चीरसुद्धा नीट पाडता येत नाही. गाणं आलं त्या सकाळीही तो तिथेच होता. बस आली, चिकू चिकू करत आली, आणि ड्रायव्हरने मला बघून बस कोपऱ्यावरच थांबवली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी तेल खाली उतरवलं.

"आणि हा सलाम रेबोलोच्या हमालाला, नाफेर कान्तियोला!" माझा आवाज बसमधून आला, चांगला खणखणीत. नाफेरने टोपी काढली आणि खुर्ची मागे सारली. डोळे भरले होते, त्याला आत जायचं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"बस," मी म्हटलं. "अर्धंच ऐकून जाऊ नकोस."